मोसम खोऱ्यातील फडपद्धती आणि सामाईक उपभोगाच्या प्रश्नाचे अध्यापन

अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात सार्वजनिक वस्तूंचे प्रकरण निघाले की दीपस्तंभाचे उदाहरण ठरलेले असते. सामाईक वस्तूंचे निघाले की इंग्लंडातील चराऊ कुरणाचे. दोन्ही उदाहरणे तर्कदृष्ट्या निर्दोष आहेत. परंतु आपल्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांनी दीपस्तंभ पाहिलेला असतो, आणि इंग्लंडातील कुरणाची कल्पना त्यांना गावच्या गायरानावरून करून घ्यावी लागते. याउलट मालेगाव ज्या मोसम नदीच्या काठी वसले आहे, तिच्या खोऱ्यात सामाईक पाण्याच्या वाटपाची एक व्यवस्था सुमारे तीनशे ते चारशे वर्षांपासून चालत आल्याचे अभ्यासक मानतात. या व्यवस्थेस फडपद्धती म्हणतात. तिचा इतिहास आणि तिच्या आधारे हा विषय कसा शिकविता येईल, या दोन गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. दुसरी गोष्ट पहिलीतूनच निघते, असे आम्हांस वाटते.

फडपद्धतीचे क्षेत्र तापीच्या खोऱ्यातील पांझरा, मोसम व आरम या तीन नद्यांच्या काठचे, म्हणजे आजच्या धुळे व नाशिक जिल्ह्यांतील होय. मालेगाव व बागलाण हे तालुके पूर्वी खानदेशात मोडत. १८६९ मध्ये नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा ते त्यात आले. पाण्याच्या इतिहासाचा विचार करताना ही सीमारेषा विसरणेच श्रेयस्कर, कारण मोसमकाठचा शेतकरी गोदावरीकाठच्या शेतकऱ्यापेक्षा पांझराकाठच्या शेतकऱ्याला अधिक जवळचा आहे. पश्चिमेकडील डोंगरांत उगम पावणाऱ्या या नद्यांना पावसाळ्यानंतरही काही महिने वाहते पाणी असे. त्यांच्या पात्राला उतार बराच असल्यामुळे अल्प उंचीच्या बांधानेही पाणी काठावरील जमिनीत आपोआप उतरविता येई. निसर्गाने दिलेली ही सोय नसती, तर पुढील सर्व सामाजिक रचना संभवली नसती.

रचना अशी. नदीच्या पात्रात आडवा बंधारा घालावयाचा. त्यापासून एका अंगाला कालवा निघे. त्याची लांबी दोनपासून बारा किलोमीटरपर्यंत आढळते. कालव्यापासून चाऱ्या, चाऱ्यांपासून शेतात पाणी नेणारे सारंग, आणि उरलेले पाणी पुन्हा नाल्यात वा नदीत सोडून देणारे सांडम. या कालव्याखाली भिजणाऱ्या जमिनीस थळ म्हणत. थळाची सीमा ठरलेली असे, आणि तिच्या बाहेरील जमिनीस, ती कालव्याच्या कितीही जवळ असली, तरी पाण्याचा हक्क नसे. थळाचे सामान्यतः चार भाग पाडीत. यांतील प्रत्येक भाग म्हणजे एक फड. फडाचा विस्तार दहा हेक्टरांपासून दोनशे हेक्टरांपर्यंत आढळतो. सरासरी शंभर ते सव्वाशे हेक्टर धरली जाते.

येथे शब्दाविषयी एक विधान करण्याचा मोह आवरत नाही. तमाशाचा फड, कुस्तीचा फड, उसाचा फड: मराठीत फड म्हणजे जेथे अनेक जण एका कामासाठी एकत्र येतात ती जागा. इंग्रजी ग्रंथांतील पारिभाषिक शब्दांना आपण मोठ्या कष्टाने प्रतिशब्द घडवितो. या ठिकाणी शब्द आधीपासून होता आणि त्यात संकल्पनेचा अर्धा भाग सामावलेला होता.

फडाचा मुख्य नियम एकच: एका फडात एका हंगामात एकच पीक. मालकी मात्र प्रत्येकाची वेगळी. दरवर्षी पाण्याचा अंदाज घेऊन कोणत्या फडात ऊस, कोणत्यात हंगामी पीक आणि कोणता फड पडीक ठेवावयाचा, हे गाव ठरवी. पाणी मुबलक असल्यास चारही फड भिजत. टंचाई असल्यास त्यांतील काहीच. पुढील वर्षी क्रम फिरे. त्यामुळे जमिनीस विसावा मिळे आणि सततच्या ओलीने जमीन चिबड होण्याचा धोकाही टळे. व्यवस्था पाहण्यासाठी पंच असत. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याकडे, पिकाची राखण जागल्याकडे, आणि या सेवकांचा मोबदला पिकाच्या रूपाने दिला जाई. कालव्यातील गाळ काढण्याचे काम जमिनीच्या प्रमाणात सर्वांच्या अंगावर पडे.

वरवर पाहता 'एक फड, एक पीक' हा नियम शेतकऱ्याच्या स्वातंत्र्यावरील जाचक बंधन वाटतो. विद्यार्थ्यांना प्रथम तसेच वाटू द्यावे, असे आमचे मत आहे. मग त्यांना विचारावे की, हा नियम नसता तर काय झाले असते? शेजारच्या दोन शेतांत एकात ऊस व दुसऱ्यात गहू असता, तर पाण्याची वेळ, मात्रा व पाळ्यांची संख्या निराळी झाली असती. प्रत्येक शेतास स्वतंत्र पाणी पोहोचविताना पाझराने होणारा अपव्यय वाढला असता. मुख्य म्हणजे कोणी आपल्या वाट्याहून अधिक पाणी घेतले, हे ओळखणे अशक्य झाले असते. एकच पीक असल्याने पाणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्रमाने जाई. कोणाचे शेत केव्हा भिजले हे बांधावरून चालणाऱ्या कोणासही दिसे. लबाडी झाकण्यास जागाच राहत नसे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर पीकनिवडीच्या स्वातंत्र्याची किंमत देऊन गावाने देखरेखीचा खर्च जवळजवळ शून्यावर आणला होता.

दुसरा महत्त्वाचा संकेत पाटकऱ्याविषयीचा. पाणी शेतकऱ्याने स्वतः घ्यावयाचे नाही. ते पाटकऱ्याने द्यावयाचे. मालकाने स्वतःच्या शेताचे बारे स्वतः फोडणे हा गुन्हा. पाटकरी कोणा एकाचा चाकर नसून सर्वांचा असे, आणि त्याचा मोबदला पिकावर अवलंबून असल्याने टोकाचे शेत वाळणे हे त्याचेही नुकसान ठरे. बलुतेदारीशी याचे साम्य दिसते. परंतु एक भेद ध्यानात घेतला पाहिजे: बलुतेदार प्रत्येक कुटुंबाची सेवा करी, तर पाटकरी कुटुंबांमधील स्पर्धेवर नियंत्रण ठेवी.

अमेरिकन जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांचा सामाईक साधनांच्या शोकांतिकेवरील प्रसिद्ध लेख १९६८ मध्ये आला. प्रत्येक गुराखी स्वतःच्या हिताचा हिशेब करून एकेक जनावर वाढवितो आणि अखेर सर्वांचेच कुरण उजाड होते, हा त्याचा आशय. मूळ दृष्टांत १८३३ मधील विल्यम फोर्स्टर लॉइड यांच्या व्याख्यानांतील आहे. उपाय दोनच सांगितले जाऊ लागले: सरकारने ताबा घ्यावा किंवा खासगी मालकी आणावी. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, स्वित्झर्लंड, जपान, स्पेन व फिलिपाइन्स येथील अनेक समाजांनी तिसराच मार्ग शतकानुशतके चालविला होता. या कार्यासाठी त्यांना २००९ चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार ऑलिव्हर विल्यमसन यांच्यासह मिळाला. हार्डिन यांनीही पुढे मान्य केले की, आपण 'अव्यवस्थापित' हे विशेषण जोडावयास हवे होते. या एका विशेषणाच्या अभावी किती देशांतील गायराने व जंगले सरकारी वा खासगी झाली असतील, हा इतिहासकारांनी घेण्याजोगा प्रश्न आहे.

ऑस्ट्रॉम यांनी चर्चिलेल्या उदाहरणांपैकी फिलिपाइन्समधील इलोकोस प्रांतातील 'झांखेरा' या सिंचनसंस्था आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाच्या आहेत. तेथे जमिनीचे काही मोठे विभाग पाडून प्रत्येक सभासदास प्रत्येक विभागात एकेक तुकडा दिला जाई. टंचाईच्या वर्षी एखादा विभाग संपूर्ण कोरडा ठेवला, तरी त्याचा भार सर्वांवर सारखा पडे. मोसमकाठच्या आदर्श फडव्यवस्थेत नेमके हेच दिसते. ज्याची जमीन चारही फडांत आहे त्याला 'यंदा दोन फड पडीक' हा निर्णय झोंबत असला तरी अन्यायाचा वाटत नाही, कारण तो शेजाऱ्यालाही तितकाच झोंबतो. एकमेकांचे नावही न ऐकलेल्या दोन समाजांनी एकाच प्रश्नाचे एकच उत्तर काढले. यावरून त्या उत्तराचा संबंध कोणा एका संस्कृतीच्या गुणाशी नसून प्रश्नाच्या घडणीशी आहे, असा निष्कर्ष काढावयास हरकत नसावी. फडपद्धतीविषयी बोलताना 'आपल्या पूर्वजांचे शहाणपण' हा शब्दप्रयोग फार सैलपणे केला जातो, म्हणून हे मुद्दाम नमूद केले.

याच संदर्भात एका कायद्याकडे पाहणे उद्बोधक ठरेल. मुंबई सरकारने १९४७ मध्ये जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध व एकत्रीकरण यांसंबंधी अधिनियम केला. एका शेतकऱ्याची जमीन चार ठिकाणी विखुरलेली असणे हा शेतीतील दोष आहे, अशी त्यामागील धारणा होती. कोरडवाहू गावात ती बरीचशी खरी आहे. परंतु फडाच्या गावात जमिनीचे विखुरलेपण हाच पाणीवाटपाचा पाया. तेथे एखाद्याची सर्व जमीन एका फडात एकत्र केली, तर तो फड पडीक राहील त्या वर्षी त्याचे कुटुंब काय खाईल? वारसाहक्काने व खरेदीविक्रीने जमिनीची वाटणी होत गेली तसतसे असे एकाच फडाचे मालक वाढणे अपरिहार्य होते, आणि तसे झाले की पडीकाचा निर्णय एकमताने होणे दुरापास्त होते. नियम तोच राहूनही त्याचा न्याय नाहीसा होतो. विद्यार्थ्यांशी चर्चा करण्यास याहून चांगला प्रश्न नाही.

आता अध्यापनाच्या पद्धतीकडे वळू. पाठ्यपुस्तकांत वस्तूंचे चार प्रकार दोन कसोट्यांवर केले जातात: उपभोगातून कोणास वगळता येते का, आणि एकाच्या उपभोगाने दुसऱ्याचा वाटा उणावतो का. सॅम्युएल्सन यांच्या १९५४ च्या निबंधापासून दुसऱ्या कसोटीस गणिती रूप आले. चार घरांचा तक्ता फळ्यावर काढला जातो, विद्यार्थी तो उतरवून घेतात, आणि प्रत्येक वस्तूचे घर कायमचे ठरलेले आहे अशी समजूत त्यांच्या मनात रुजते. फड या समजुतीस छेद देतो. त्यासाठी पाण्याच्या मागे चालत जावे. बंधारा ही वास्तू थळातील लोकांपुरती सार्वजनिक वस्तू आहे: तो उभा असेपर्यंत एकाच्या लाभाने दुसऱ्याचा लाभ घटत नाही, आणि म्हणूनच तो पुराने खचला की दुरुस्तीसाठी 'दुसरा करील' म्हणून वाट पाहण्याची प्रवृत्ती बळावते. आयत्या बिळावरच्या नागोबाची म्हण येथे तंतोतंत लागू पडते. कालव्यातील पाणी ही सामाईक वस्तू: एकाने अधिक घेतले की दुसऱ्यास कमी पडणारच. शेतात शिरलेले पाणी ही खासगी वस्तू. सांडमातून नदीत परतलेले पाणी खालच्या गावाच्या बंधाऱ्याशी पोहोचते आणि तेथे पुन्हा सामाईक होते. एकच पाणी दोन-तीन मैलांच्या प्रवासात तीन घरे बदलते. प्रत्येक घरातला तंटा वेगळा आणि त्यावरील तोडही वेगळी: बंधाऱ्यासाठी वर्गणी व श्रम, कालव्यासाठी पाळी व पाटकरी, शेतासाठी मालकी.

बंधाऱ्याच्या दुरुस्तीच्या प्रश्नातूनच सरकारचा इतिहास सुरू होतो. ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यातील पाटबंधाऱ्यांचे दोन वर्ग करण्यात आले. सरकारने बांधलेली मोठी कामे पहिल्या वर्गात आणि पूर्वापार चालत आलेले बंधारे बव्हंशी दुसऱ्या वर्गात गेले. दुसऱ्या वर्गातील पाटस्थळ जमिनीवर पाण्याचा आकार वेगळा न घेता तो जमीनमहसुलातच मिळवून बसविलेला असे. मुख्य बांधाची मोठी दुरुस्ती सरकारकडे आणि गाळ काढणे गावाकडे, अशी कामाची विभागणी होती. १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने नदीनाल्यांच्या पाण्यावरील सरकारचा अधिकार स्पष्ट केला. ज्याचा सारा भरला त्याचे पाणी, असे गाव समजत असे. पाणी सरकारचे असून गावास त्याचा उपयोग करू दिला जातो, असे कायदा म्हणत होता. पाणी मुबलक असताना या दोन समजुतींत भांडण होण्याचे कारण पडले नाही.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरी धरली, तेव्हा त्यांच्या आरंभीच्या नेमणुका नाशिक व खानदेशात होत्या, आणि पांझरेच्या एका पाटावरील काम त्यांनी तेथे केले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी नीरा कालव्यावर त्यांनी 'ब्लॉक पद्धती' सुचविली. तीत जमिनीचे गट पाडून उसाचे क्षेत्र सुमारे एक तृतीयांश ठेवावयाचे व पिकांची फेरपालट करावयाची होती. फडाशी असलेले साम्य डोळ्यांत भरते. परंतु साम्यापेक्षा भेद अधिक शिकविणारा आहे. ब्लॉकमध्ये करार होता तो कालव्याचा अधिकारी व एकेक शेतकरी यांच्यात, शेतकऱ्याशेतकऱ्यांत नव्हे. पंच नाहीत, पाटकरी सरकारी, पडीकाचा निर्णय कार्यालयात. फडाची आकृती घेतली गेली आणि फडातील परस्परांची बांधिलकी मागे राहिली.

स्वातंत्र्योत्तर काळात मोसमवर हरणबारी व आरमवर केळझर ही धरणे झाली. मोसमचे बंधारे पूर्वी नदीच्या वाहत्या पाण्यावर भरत. ते आता धरणातून सुटणाऱ्या आवर्तनावर अवलंबून राहिले. किती पाणी, केव्हा, हे गावाने ठरवावयाचे नसून गावास कळवावयाचे झाले. पंचांकडे वाटपाचे काम उरले, पण अंदाज बांधण्याचे गेले. अंदाजच हाती नसेल तर 'यंदा किती फड' हा निर्णय कशाच्या आधारे घ्यावयाचा?

तथापि फडाला खरा धक्का धरणाने दिला नाही, विहिरीने दिला, असे आमचे मत आहे. कालव्याचे पाणी जमिनीत मुरे आणि थळातील विहिरींना पाझर फुटे. मोटेच्या काळात त्या पाण्याचा उपसा बैलाच्या शक्तीइतकाच होता. विजेचा पंप आल्यावर तीच विहीर शेतकऱ्यास फडाच्या नियमातून बाहेर पडण्याचा दरवाजा झाली. स्वतःची विहीर असलेल्याला पडीकाचा निर्णय मानण्याचे कारण उरले नाही, गाळ काढण्यास जाण्याचेही उरले नाही. पुढे डाळिंबाच्या बागा आल्या. बाग वर्षानुवर्षे उभी असते. तिला फेरपालट सोसत नाही आणि तिचे पाणी ठिबकने, थोडे थोडे, हवे तेव्हा लागते. एका फडात एक पीक या नियमाशी तिचा मेळ बसणे शक्य नव्हते. कायद्याने यावर विलक्षण मोहोर उमटविली आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकास आहे. म्हणजे कालव्यातील पाणी सरकारचे, त्याचे वाटप गावाचे, आणि तेच पाणी वीस हात खाली झिरपले की ज्याची विहीर त्याचे! २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने या हक्कावर काही मर्यादा घालण्याची तरतूद केली. पण भूपृष्ठावरील पाणी व भूजल यांना दोन निराळ्या वस्तू समजण्याची सवय कायद्यात आणि अभ्यासक्रमातही खोल रुजलेली आहे.

या विषयाची दुसरी बाजू न सांगता तास संपविणे योग्य होणार नाही. थळाची निश्चित सीमा हा फडाच्या यशाचा पहिला आधार होता, आणि तीच त्याची भिंतही होती. थळाबाहेरच्या कोरडवाहू शेतकऱ्यास, भूमिहीन मजुरास, पाण्याचा हक्क नव्हता. त्यांच्या वाट्यास फडातील मजुरी आली. पंचांत बसत ते जमीनमालक. ग्रंथांत 'वगळणूक' ही वस्तूची तांत्रिक कसोटी म्हणून येते: तलावास कुंपण घालता येते की नाही. महाराष्ट्राचा इतिहास जाणणाऱ्यास हे पुरे पडणार नाही. महाडच्या चवदार तळ्यास कुंपण नव्हते. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला होता, आणि महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तसा निर्णय केला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह त्या तळ्यावर जावे लागले, आणि न्यायालयीन निवाडा लागण्यास १९३७ साल उजाडले. वस्तू सार्वजनिक आहे की नाही, हे तिच्या स्वभावावरून ठरते असे मानणारा तक्ता येथे निरुत्तर होतो.

पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात उभी केलेली पाणी पंचायत फडाशेजारी ठेवून पाहावी. तेथे पाण्याचा हक्क जमिनीस न जोडता माणसास जोडला: दर माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी, कुटुंबास कमाल अडीच एकर, भूमिहीनांसही वाटा, आणि उसास बंदी. फड विचारी, कोणती जमीन? पाणी पंचायत विचारी, किती माणसे? पहिल्यात देखरेख सोपी, दुसऱ्यात न्याय व्यापक. दोन्ही गुण एका व्यवस्थेत किती प्रमाणात एकत्र नांदू शकतील, हे अद्याप अनिर्णीत आहे. २००५ च्या सिंचन व्यवस्थापनविषयक अधिनियमाने पाणीवापर संस्थांना कायद्याचे अधिष्ठान दिले, घनमापाने पाणी देण्याचे तत्त्व स्वीकारले; परंतु सभासदत्वाचा पाया त्यानेही लाभक्षेत्रातील जमीनधारणाच ठेवला.

वर्गासाठी आम्ही पुढील स्वरूपाचा अभ्यास सुचवितो. वर्गातील विद्यार्थ्यांचे एक थळ कल्पावे. काहींची जमीन चारही फडांत, काहींची एकाच फडात, दोघांच्या विहिरी, तिघे भूमिहीन. कालव्याचे पाणी दोन फडांपुरते आहे. निर्णय त्यांनी घ्यावा, शिक्षकाने मध्ये पडू नये. पहिल्या फेरीत कोणासही बोलण्याची मुभा नसावी. दुसऱ्या फेरीत सभा भरू द्यावी. तिसऱ्या फेरीत पाटकरी नेमू द्यावा, आणि त्याचा मोबदला कोणी व कशातून द्यावयाचा हेही त्यांनीच ठरवावे. चौथ्या फेरीस तिघा भूमिहीनांना सभेत मत द्यावे. प्रत्येक फेरीअखेर भिजलेले क्षेत्र व तक्रारी फळ्यावर लिहाव्यात. त्यानंतर वर्ग मालेगावात मोसम पुलावर न्यावा. तेथे नदी शहराचे दोन भाग करते आणि दोन्ही अंगांचे सांडपाणी पोटात घेते. त्या जागी थळ कोणते, फड कोणता आणि पाटकरी कोण, याचे उत्तर विद्यार्थ्यांनी लेखी द्यावे.